यजमानगृहाची भाषा : पाहुणा विद्यार्थी आणि खारदांड्याचे कोळी घर

परदेशातून शिक्षणासाठी येऊन एखाद्या कुटुंबात राहणाऱ्या विद्यार्थ्यास ज्या घरात आसरा मिळतो, त्याला आपण सोयीसाठी ‘यजमान कुटुंब’ म्हणतो. हा शब्द मुळात यज्ञ करणाऱ्याचा. मराठीत त्याचा संसार बराच वाढला असून गृहिणी ‘आमचे यजमान’ म्हणते तेव्हा तिला केवळ पती अभिप्रेत असतो. ‘पाहुणा’ हा शब्दही तसाच दुहेरी आहे. खेडेगावात ‘पाव्हणं’ अशी हाक घातली जाते ती परक्यास आणि सोयऱ्यासही. परका आणि सोयरा यांच्यामधली वाट विद्यार्थ्याने कशी चालावी, हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा वाटतो. परंतु तो बव्हंशी भाषेचा प्रश्न आहे, आणि भाषाभ्यासकाने त्याकडे जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिले गेलेले नाही.

कुटुंबात राहून शिकण्याची योजनाबद्ध प्रथा फार जुनी नाही. अमेरिकेत डोनाल्ड वॉट यांनी १९३२ साली ‘एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ हा उपक्रम सुरू केला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर असे अनेक उपक्रम रूढ झाले. १९६१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था निघाली. पुण्यात मराठी शिकावयास आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी तेथील कुटुंबांत मुक्काम केला. तथापि मराठी माणसाच्या वाट्यास हा अनुभव त्याआधीच, आणि उलट दिशेने, आला होता. गोपाळराव जोशी यांचा मिशनरी वाइल्डर यांच्याशी झालेला पत्रव्यवहार एका अमेरिकन नियतकालिकात छापून आला. तो न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात १८८० मध्ये आला आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. जून १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. पहिला उन्हाळा त्यांनी कार्पेंटरांच्याच घरी काढला व मग फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या दाखल झाल्या. तेथून १८८६ मध्ये त्यांनी पदवी मिळवली. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास त्यांचा अंत झाल्यावर रक्षा अमेरिकेस पाठविण्यात आली, आणि कार्पेंटर कुटुंबाने ती पोकिप्सी येथे आपल्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवली.

या संबंधात भाषिकदृष्ट्या ध्यानी घेण्याजोगी गोष्ट म्हणजे आनंदीबाई या बाईंना ‘मावशी’ मानीत. ‘काकू’ किंवा ‘आत्या’ नव्हे. पितृकुलातील नात्यांना मराठीत मानाची आणि किंचित धाकाची छटा आहे. मावशी ही आईच्या बाजूची, लाडाची. शिवाय नात्याचा शब्द कधी एकटा येत नाही. एका बाईस मावशी म्हटले की तिचा नवरा काका होतो, मुले भावंडे होतात, सून वहिनी होते. एका संबोधनाने घराचा सगळा नकाशा हाती येतो आणि त्या नकाशात पाहुण्याची जागाही आपोआप ठरते. वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारण्याची सोय मराठीत नाही, हे जे परदेशी विद्यार्थ्यास प्रथम अडचणीचे वाटते, तेच त्याला घरात घेणारे दार आहे. मात्र शब्द तोच असला तरी दार प्रत्येक वेळी उघडतेच असे नाही. मुंबईच्या बाजारात गिऱ्हाईक कोळणीस ‘मावशी’ म्हणूनच भाव पाडून मागते!

विलेपार्ले वा दादर येथील मध्यमवर्गीय घराऐवजी खार पश्चिमेस समुद्रकाठी असलेल्या खारदांड्याच्या कोळीवाड्यातील एखाद्या घरी असा विद्यार्थी राहावयास गेला, तर काय घडेल याचा विचार उद्बोधक ठरतो. पहिला फरक घड्याळाचा. डोल जाळ्याची मासेमारी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. जाळे खुंटास बांधून प्रवाहाच्या तोंडाशी सोडावयाचे आणि प्रवाह उलटण्यापूर्वी ओढावयाचे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे होडी निघण्याची, परतण्याची, आणि तिच्या मागोमाग बायकांची मासळी निवडण्याची व विक्रीस नेण्याची वेळही सरकत राहते. उधाण आणि भांग हे शब्द विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकात बहुधा नसतील, पण आज जेवण केव्हा हे त्यांच्यावाचून कळावयाचे नाही. जून-जुलैत शासकीय बंदीमुळे यांत्रिक नौका किनाऱ्यास लागतात तेव्हा घराचा दिवस पुन्हा वेगळाच होतो. जाळी दुरुस्त होतात, पुरुष घरी दिसतात आणि आदल्या हंगामात वाळवलेला बोंबील व जवळा कामी येतो. तांडेल, नाखवा, खलाशी ही केवळ धंद्याची नावे नव्हेत; कोण कोणाशी कोणत्या सुरात बोलतो हेही त्यांवर अवलंबून असते.

दुसरा फरक ध्वनींचा. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये स्टेन कोनो यांच्या संपादनाखाली निघाला. त्यात कोळी बोलीची नोंद कोकणच्या मराठीच्या पोटी झालेली आहे. या बोलीत ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’ आणि स्वरांमधील ‘ड’चा ‘र’ होतो. मासळीची ‘मासली’, पाण्याचे ‘पानी’, होडीची ‘होरी’. आता ‘काळ’ आणि ‘काल’ यांतील, किंवा ‘वाडा’ आणि ‘वारा’ यांतील भेद कष्टाने कानी बसवून आलेल्या विद्यार्थ्याची स्थिती पाहावी. त्याने वर्गात जे भेद शिकून घेतले ते येथे संदर्भावर सोपविलेले असतात. कोळ्याची त्यात काहीच अडचण होत नाही. समुद्रावर ‘वारा’ म्हणजे काय हे विचारण्याची गरज कोणास पडते? ‘मला’ऐवजी ‘मना’ ऐकून विद्यार्थी ती चूक समजतो. येथे मार्गदर्शक अध्यापकाने त्याला वेळीच सांगितले पाहिजे की ही चूक नसून व्यवस्था आहे.

परंतु खरी अडचण पुढेच आहे. पाहुणा आला की घर त्याला आपली बोली देतच नाही. ते त्याला शाळेतली मराठी देते, किंवा मुंबईत अधिक शक्य म्हणजे हिंदी. अनोळखी भाषिकाशी बोलताना माणसे भाषा मुद्दाम सोपी करतात, याची मीमांसा चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९७१ मध्ये केली. कोळी घरात मात्र नुसते सोपे करणे नसते, प्रतिष्ठित करणेही असते. आतिथ्यात जशी चांगली ताटे काढावयाची, तशी चांगली भाषाही. परिणाम असा की सहा महिने एका छपराखाली राहूनही विद्यार्थी घराबाहेरच राहतो, आणि यजमानांच्या दृष्टीने त्यात त्याचा सन्मानच झालेला असतो. त्याहून चिंतेची बाब ही की घरातली मुले ते ऐकत असतात. परक्यासमोर कोणती भाषा झाकावयाची हे ती शिकतात.

गंपर्झ आणि विल्सन यांचा सांगली जिल्ह्यातील कुपवाडविषयीचा १९७१ चा निबंध येथे आठवावा. त्या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू यांची वाक्यरचना शतकांच्या सहवासाने एकमेकींच्या अगदी जवळ आली, तरी तिन्ही भाषा वेगळ्या टिकल्या. घरचे बोलणे आणि चारचौघांतले बोलणे यांच्यामधली रेषा लोकांनी कसोशीने पाळली, हे त्याचे कारण त्या लेखकांनी दिले आहे. म्हणजे उंबरठ्याच्या आत भाषा राखली जाते. ज्या विद्यार्थ्यास उंबरठ्याच्या आत घेतले गेले, त्याच्याशी कोणती भाषा बोलावयाची याला कुपवाडच्या नियमात उत्तर नाही. तो आतलाही नव्हे आणि बाहेरचाही नव्हे.

ही कोंडी फुटते ती सहसा व्याख्यानांनी नव्हे, बारीकसारीक व्यवहाराने. वाढलेल्या भाकरीबद्दल ‘धन्यवाद’ म्हणणारा विद्यार्थी स्वतःस पाहुणा ठरवीत असतो, कारण मराठी घरात आईचे आभार कोणी मानीत नाही. ‘अजून वाढ’ म्हणणे हीच तेथील कृतज्ञता. बाहेर पडताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणे हेही असेच. भाषा बहुतांशी स्वयंपाकघरात शिकला तर ‘मी जाते’, ‘मी खाते’ असे एखादा तरुणही म्हणून जाईल. घरभर हशा पिकेल, आणि त्या हशात त्याला दुरुस्त करणारी व्यक्ती त्याला ‘तुम्ही’ऐवजी ‘तू’ म्हणून जाईल. ‘तुम्ही’ सुटणे हा मान कमी होणे नव्हे, हे युरोपीय भाषांच्या अभ्यासातून आलेल्या विद्यार्थ्यास निराळे सांगावे लागत नाही. त्यांच्याकडेही ही जोडी आहे. त्यांच्याकडे नाही ते ‘आपण’.

ऐकणाऱ्यास वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामील करणारे ‘आपण’ हा भेद मराठीने व्याकरणातच ठेवला आहे. ‘आमच्याकडे नारळी पौर्णिमेला होडीची पूजा असते’ हे वाक्य पाहुण्यास माहिती देते. ‘आपल्याकडे परवा पूजा आहे’ हे त्याला कामास लावते. पहिल्या वाक्यापासून दुसऱ्यापर्यंत घर केव्हा आले, कोणाच्या तोंडून आधी आले, म्हातारीच्या की मुलांच्या, आणि त्याच सुमारास ‘मासळी’ची ‘मासली’ त्याच्यासमोर मोकळेपणी होऊ लागली की नाही, हे तारीखवार टिपून ठेवणारी एकच वही बोलीभाषेच्या अभ्यासास अत्यंत मोलाची होईल. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची जी माला काढली, तिच्यात बोलींचे ध्वनी, रूपे आणि संहिता मिळतात. ती संहिता निवेदकाने अभ्यासकास दिलेली असते. यजमानगृहात राहणाऱ्यास मात्र न दिलेलीही ऐकू येते : भिंतीपलीकडून, पहाटे, होडी निघण्याच्या घाईत, जेव्हा चांगली ताटे आणि चांगली भाषा दोन्ही फडताळात असतात.