एकच गाणे, दोन आवाज : जोनी मिचेल यांचा २००० सालचा अल्बम कसा ऐकायचा?

पॉप संगीताचा बाजार तरुण आवाजावर चालतो. विशीत-तिशीत गाजलेले गायक पन्नाशीनंतर नवा अल्बम काढतात, तेव्हा त्याचे स्वागत बहुतेकदा आदराने होते आणि मग तो बाजूला ठेवला जातो. श्रोते पुन्हा जुन्याच गाण्यांकडे वळतात. कॅनडात जन्मलेल्या गायिका-गीतकार जोनी मिचेल यांचा २००० साली आलेला 'बोथ साइड्स नाऊ' हा अल्बम याला अपवाद ठरला. तोवर त्यांच्या आवाजाचा मूळ पल्ला उरलेला नव्हता. तरीही अनेक श्रोत्यांना त्यातले शीर्षकगीत मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा जास्त भिडते. असे का व्हावे?

जोनी मिचेल कोण?

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १९४३ रोजी अल्बर्टा प्रांतातल्या फोर्ट मॅक्लाउड या गावी झाला. नवव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला. त्यामुळे डाव्या हातात ताकद कमी राहिली आणि गिटारचे नेहमीचे अवघड कॉर्ड धरणे कठीण जाऊ लागले. त्यांनी गिटारच्या तारा वेगवेगळ्या पद्धतींनी लावून स्वतःची वाट काढली. त्यांच्या गाण्यांच्या वेगळ्या सुरावटीमागे हेही एक कारण आहे. १९७१ सालचा 'ब्लू' हा त्यांचा अल्बम आजही पॉप संगीतातल्या सर्वोत्तम अल्बमांत गणला जातो. त्या काळात त्यांचा आवाज पातळ, स्वच्छ आणि उंच होता. खालच्या सुरातून एकदम वर झेप घेणे ही त्यांची ओळख होती.

मूळ गाणे कधीचे?

'बोथ साइड्स नाऊ' हे गाणे मिचेल यांनी १९६७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी लिहिले. विमानप्रवासात सॉल बेलो यांची 'हेंडरसन द रेन किंग' ही कादंबरी वाचताना, खिडकीतून खाली दिसणाऱ्या ढगांवरून ते सुचले. गाण्याचा आराखडा साधा आहे. पहिला भाग ढगांवर, दुसरा प्रेमावर, तिसरा आयुष्यावर. प्रत्येक गोष्ट आधी भाबड्या नजरेने दिसते, मग अनुभवाने तिची दुसरी बाजू कळते. आणि शेवटी कबुली येते, की दोन्ही बाजू पाहूनही ती गोष्ट नीट उमगलेली नाही.

हे गाणे आधी गाजले ते जुडी कॉलिन्स यांच्या आवाजात. १९६८ च्या अखेरीस त्यांचे ध्वनिमुद्रण अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत होते. मिचेल यांनी स्वतः ते १९६९ सालच्या 'क्लाउड्स' या अल्बममध्ये गायले. एक आवाज आणि एक गिटार, बाकी काही नाही.

तेवीस वर्षांच्या मुलीला आयुष्याच्या दोन्ही बाजू कुठून ठाऊक, असा प्रश्न कोणालाही पडेल. पण तोवर त्यांनी बालपणीचे आजारपण भोगले होते. १९६५ साली त्यांना मुलगी झाली, आणि परिस्थितीमुळे ती दत्तक द्यावी लागली. हे जगाला पुढे अनेक वर्षांनी कळले. मायलेकींची भेट १९९७ साली झाली, म्हणजे या अल्बमच्या तीन वर्षे आधी. तेव्हा गाण्यातले शहाणपण उसने नव्हते. पण १९६९ च्या आवाजात ते ऐकू येत नव्हते. आवाज इतका हलका होता, की शब्दांचे वजन त्यावर टिकत नसे.

आवाज का बदलला?

मिचेल यांनी लहानपणीच सिगारेट ओढायला सुरुवात केली आणि ती सवय अनेक दशके राहिली. २००० च्या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्यांनीच रंगवलेले स्वतःचे चित्र आहे, त्यातही हातात सिगारेट आहे. दीर्घकाळच्या धूम्रपानाने स्वरतंतूंना सूज येते, ते जाड होतात. गिटारची जाड तार जशी खालचा सूर देते, तसेच इथे होते. जड झालेले स्वरतंतू सावकाश कंप पावतात आणि आवाज खाली उतरतो. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या बदलांनीही पट्टी काहीशी खाली येते. मिचेल यांनी स्वतः मात्र स्वरतंतूंवरच्या गाठी आणि पोलिओचे उशिरा उमटलेले परिणाम यांकडेही बोट दाखवले आहे.

कारण कोणतेही असो, १९९० च्या दशकाअखेर त्यांचा उंच पल्ला गेला होता. उरला होता तो खालचा, थोडा खरखरीत, श्वासाने भरलेला आवाज.

अल्बममध्ये काय आहे?

बारा गाणी. त्यातली दहा इतरांची, बहुतेक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली आणि मध्यातली जॅझ-पॉप गाणी. उरलेली दोन मिचेल यांची स्वतःची : 'ब्लू'मधले 'अ केस ऑफ यू' आणि शीर्षकगीत. गाण्यांचा क्रम मुद्दाम लावलेला आहे. ओढ, प्रेमाची धुंदी, संशय, दुरावा, एकटेपण आणि शेवटी समजूत असा एका नात्याचा प्रवास त्यातून उभा राहतो.

ध्वनिमुद्रण लंडनमध्ये मोठ्या वाद्यवृंदासह झाले. संयोजन विन्स मेंडोझा यांचे, तर निर्मितीत मिचेल यांच्यासोबत त्यांचे पूर्वाश्रमीचे पती लॅरी क्लाइन होते. हर्बी हॅनकॉक आणि वेन शॉर्टर हे जॅझमधले दिग्गज काही गाण्यांत साथीला आहेत. या अल्बमला सर्वोत्कृष्ट पारंपरिक पॉप गायनाचे ग्रॅमी मिळाले, आणि शीर्षकगीताच्या संयोजनासाठी मेंडोझा यांनाही ग्रॅमी मिळाले.

ऐकताना लक्ष कुठे द्यायचे?

शीर्षकगीताची दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत. १९६९ चे साडेचार मिनिटांचे आहे, २००० चे पावणेसहा मिनिटांचे. शब्द तेच, चाल तीच. मग फरक कुठे पडतो?

पहिला फरक पट्टीचा. नव्या ध्वनिमुद्रणात गाणे बरेच खाली आले आहे. सुरुवातीला काही वेळ नुसती तंतुवाद्ये वाजतात आणि त्यानंतर येणारा आवाज जवळजवळ बोलण्याच्या सुरात आहे. त्यामुळे ऐकणाऱ्याचे लक्ष सुरावरून शब्दावर सरकते.

दुसरा फरक लयीचा. १९६९ मध्ये आवाज गिटारच्या ठोक्याला धरून पुढे जातो. २००० मध्ये मिचेल ठोक्याच्या किंचित मागे राहतात. ओळ उशिरा सुरू करतात, मधला एखादा शब्द रेंगाळू देतात. एखादी गोष्ट आठवून आठवून सांगणारा माणूस असाच थांबत थांबत बोलतो.

तिसरा फरक श्वासाचा. तरुण आवाजाला लांब ओळ एका दमात पेलते. इथे श्वास ऐकू येतो, ओळीचे टोक कधी विरून जाते. तंतुवाद्ये त्या टोकाखाली आधार धरतात आणि मधल्या रिकाम्या जागांत शॉर्टर यांचा सोप्रानो सॅक्सोफोन बोलतो. जे आवाजाला आता जमत नाही, ते वाद्यवृंद करतो. मेंडोझा यांच्या संयोजनाचे खरे काम हेच आहे.

ही निव्वळ सहानुभूती तर नाही?

हा प्रश्न रास्त आहे. थकलेला आवाज ऐकून श्रोता हळवा होतो आणि त्यालाच कला समजतो, असे होऊ शकते. त्याची कसोटी याच अल्बममध्ये आहे. आवाज सगळीकडे तोच आहे, पण सगळी गाणी सारखी लागत नाहीत. खेळकर, उडत्या गाण्यांत जुनी चपळाई हवीशी वाटते, आणि गाणे छान असूनही ते गाजवणाऱ्या आधीच्या गायिकांची आठवण होत राहते. केवळ जीर्ण आवाजानेच डोळे भरून येत असते, तर ते प्रत्येक गाण्याला आले असते. तसे होत नाही. जिथे शब्दांचा अर्थच काळ गेल्याशिवाय पुरा होत नाही, तिथेच हा आवाज कमाल करतो.

याची वाट बिली हॉलिडे यांनी आधी दाखवली होती. १९५८ सालच्या 'लेडी इन सॅटिन'मध्ये त्यांचा खचलेला आवाज भरगच्च तंतुवाद्यांसमोर उभा राहिला. त्यातले 'यू हॅव चेंज्ड' हे गाणे मिचेल यांनीही या अल्बममध्ये घेतले आहे.

मराठी श्रोत्याला अशा ऐकण्याची सवय नवी नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेन जोशी ऐंशी ओलांडल्यावर गायला बसले, तेव्हा कोणी पूर्वीची दमदार तान मोजायला गेले नव्हते. एखादा षड्ज कसा लागतो, याकडे कान होते. ख्यालाच्या मैफलीत वयाबरोबर आवाज उतरतो आणि गायकी उरते, हे आपण धरून चालतो. पॉप संगीतात मात्र ही मुभा क्वचितच दिली जाते.

पुढे काय झाले?

२०१५ साली मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्याने मिचेल यांना चालणे-बोलणेही नव्याने शिकावे लागले. गिटारवर बोटे कुठे ठेवायची, हे त्यांनी स्वतःचेच जुने व्हिडिओ पाहून शिकून घेतले. २४ जुलै २०२२ रोजी न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात त्या अनपेक्षितपणे मंचावर आल्या आणि त्यांनी हे गाणे गायले. फेब्रुवारी २०२४ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, ग्रॅमी सोहळ्यातही त्यांनी खुर्चीवर बसून हेच गाणे निवडले. ग्रॅमीच्या मंचावर गाण्याची ती त्यांची पहिलीच वेळ होती.

त्यामुळे आता या गाण्याचे तीन टप्पे ऐकता येतात : पंचविशीचा, छप्पन्न वर्षांचा आणि ऐंशीच्या घरातला. प्रत्येक वेळी शेवटी तीच कबुली आहे, की आयुष्य अजून नीट कळलेले नाही. पंचविशीत ती नम्रता वाटते. छप्पन्नाव्या वर्षी तो हिशेब वाटतो. ऐंशीच्या घरात ती ऐकताना गायिका हलके हसते आहे असे वाटते, आणि ऐकणाराही आपली वर्षे मोजू लागतो.