कवळी बोचते तेव्हा यंत्राचा शून्यही तपासावा

भोपाळमधील हबीबगंज भागातल्या एखाद्या दंतवैद्याने वयोवृद्ध रुग्णाच्या जबड्यांचे माप घेतले आणि कवळीचे काम शहराच्या दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेकडे सोपवले, असे समजा. प्रयोगशाळेत रुग्ण जात नाही. जातात त्याच्या जबड्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती. या प्रतिकृतींना जबड्यासारखी हालचाल देणारे बिजागरीचे उपकरण म्हणजे आर्टिक्युलेटर. तेच चुकीचे असेल, तर उत्तम कारागिराची कवळीही तोंडात बोचते.

नैसर्गिक दातांमध्ये सुमारे २० मायक्रॉन जाडीचा कपटा आला तरी तो जाणवतो. त्यामुळे कॅप किंचित उंच झाली तरी रुग्ण बेचैन होतो. कवळीत अशी चूक राहिली, तर ती चावताना डळमळते, हिरडीला जखम होते आणि माणूस भाकरी सोडून पेजेवर येतो. ‘सवय होईल’ असे सांगून त्याची बोळवण होते. दोष मात्र प्रयोगशाळेतील एका सैल स्क्रूचा असू शकतो.

यंत्राची तपासणी

प्रथम बिजागरीवर साचलेले प्लॅस्टर व मेण काढून टाकावे. मध्यस्थितीचे कुलूप लावल्यावर वरची भुजा डावी-उजवीकडे हलता कामा नये. पुढील खुंटी शून्यावर असताना दोन्ही भुजा उत्पादकाने ठरवून दिलेल्या अंतरावर याव्यात. प्रतिकृती बसवण्याच्या तबकड्याही डगमगू नयेत.

दवाखाना आणि प्रयोगशाळा वेगवेगळी उपकरणे वापरत असतील, तर ती एकमेकांशी जुळवावी लागतात. त्यासाठी खाचांनी एकमेकांत बसणारे प्लॅस्टरचे दोन ठोकळे एका उपकरणावर घडवून दुसऱ्यावर चढवतात. त्यांच्यामध्ये फट दिसली, की उपकरणांतील फरक उघड होतो. डोळ्यांना न दिसणारी फट ८ मायक्रॉन जाडीच्या धातूच्या पट्टीने कळते. पट्टी अडकली तर पृष्ठभाग टेकलेले असतात. सहज निसटली तर नसतात. फरक आढळल्यास उत्पादकाच्या प्रमाण ठोकळ्यावर उपकरण पुन्हा जुळवावे. तशी सोय नसल्यास प्रतिकृतीबरोबर उपकरणही पाठवावे.

रुग्णाप्रमाणे जुळणी

यंत्र निर्दोष झाले, तरी ते अद्याप कोणत्याही विशिष्ट रुग्णाचे नसते. फेसबो वरच्या जबड्याचे सांध्यापासूनचे स्थान टिपतो, तर मेणाची नोंद खालच्या जबड्याचे वरच्याशी असलेले नाते सांगते. खालचा जबडा पुढे सरकवताना मागील दाढांमध्ये पाचरीसारखी फट पडते, हे डॅनिश दंतवैद्य क्रिस्टेनसेन यांनी १९०५ मध्ये दाखवले. त्या स्थितीतील नोंदीवरून सांध्याचा उतार ठरवता येतो.

नोंद नसल्यास अनेक ठिकाणी ३० अंशांचा सरासरी उतार वापरतात. बाजूच्या हालचालीसाठी हानाऊ यांचे सूत्र प्रचलित आहे : उताराला ८ ने भागून १२ मिळवायचे. ३० अंशांसाठी उत्तर १५.७५ येते. सरासरी सोयीची असली, तरी ती समोरच्या रुग्णाची मोजणी नव्हे.

प्लॅस्टरही फसवते. घट्ट होताना ते किंचित फुगते आणि प्रतिकृती जागेवरून सरकू शकते. म्हणून कमी फुगणारे प्लॅस्टर घ्यावे, पाण्याचे प्रमाण मोजावे, जाड थर दोन टप्प्यांत भरावा आणि तो पूर्ण घट्ट होईपर्यंत उपकरणाला हात लावू नये.

या साऱ्याला लागणारा वेळ फुकट जात नाही. येथे राहिलेली चूक नंतर रुग्णाच्या तोंडात घासून काढावी लागते, आणि फार घासल्यास दातांचा घडवलेला आकारच बिघडतो. हबीबगंज असो वा बांबोळी, कवळी वारंवार बोचत असेल तर रुग्णाने संकोच न करता विचारावे : यंत्रावरची जुळणी माझ्या नोंदीवरून झाली, की सरासरीवरून?