बिनपगारी कारखाना

शेकडो व्हिडिओ गेम खेळून काढलेला, पण स्वतः एकही न केलेला असा एखादा विशीतला तरुण एके दिवशी आपल्यासारख्याच अननुभवी मंडळींना जाहीर निमंत्रण धाडतो, की पगार नाही, कचेरी नाही, परंतु एक भव्य कल्पना आहे आणि काम करून पाहण्याची संधी आहे. तेव्हा प्रोग्रामर, आर्टिस्ट, संगीत रचणारे, ज्याला जे येत असेल त्याने ते घेऊन यावे. नवल असे की लोक येतात. कोणी नाशिकचा, कोणी मनिलाचा, कोणी पोलंडमधला. एकमेकांचे चेहरे न पाहिलेली ही मंडळी डिस्कॉर्डवर एकत्र जमतात, गेमचे नाव ठरण्याआधीच त्याचे बोधचिन्ह तयार होते, आणि त्यातल्या काल्पनिक साम्राज्याचा हजारो वर्षांचा इतिहास पहिल्याच आठवड्यात लिहून निघतो. पुढे कोणाची परीक्षा येते, कोणाच्या घरी लग्न निघते, संदेशांना उत्तरे उशिरा येऊ लागतात, आणि दोन-तीन महिन्यांनी निमंत्रण देणारा गृहस्थ तेवढा तिथे एकटा बोलत उरतो.

अशा उपक्रमांची टिंगल करणे सोपे आहे, आणि या धंद्यात मुरलेले लोक ती मनसोक्त करतातही. पण ती मला अनुचित वाटते. पहिली नोकरी देणारा अनुभव मागतो आणि अनुभव नोकरीवाचून मिळत नाही, हा जुना पेच इथेही आहेच. मात्र पदवीच्या कागदापेक्षा, प्रत्यक्ष खेळून पाहता येईल असा पुरा झालेला गेम, मग तो दहा मिनिटांचा का असेना, या व्यवसायात अधिक सबळ पुरावा मानला जातो. शिवाय साधनांची टंचाई पूर्वीसारखी राहिलेली नाही. ब्लेंडर हे त्रिमिती चित्रांचे सॉफ्टवेअर २००२ साली लोकवर्गणीतून एक लाख युरो उभे करून सर्वांसाठी खुले करण्यात आले; अर्जेंटिनातल्या दोघांनी रचलेले गोडो हे गेम इंजिन २०१४ पासून मुक्त परवान्याखाली फुकट मिळते. साहित्य फुकट, माणसे उत्सुक, आणि तरीही बहुतेक टीम मोडतात. त्याचे कारण मला कौशल्याच्या अभावात सापडत नाही. माणसांना कामाशी बांधून ठेवणाऱ्या पगार आणि अंमलदार या दोन्ही गोष्टी इथे वजा झालेल्या असतात, आणि त्यांच्या जागी दुसरे काय आणायचे याचा विचार कोणी केलेला नसतो.

नवशिक्यांच्या तोंडी उदाहरण असते ते बहुधा काउंटर-स्ट्राइकचे. हाफ-लाइफ हा व्हॉल्व्ह कंपनीचा गेम १९९८ साली निघाला, आणि त्याचेच इंजिन वापरून कॅनडातला विद्यार्थी मिन्ह ले आणि अमेरिकेतला जेस क्लिफ यांनी जून १९९९ मध्ये काउंटर-स्ट्राइक या आपल्या मॉडची, म्हणजे मूळ गेमच्या हौशी रूपांतराची, पहिली चाचणी आवृत्ती फुकट वाटली. त्यातले नकाशे जगभरच्या हौशी लोकांनी करून दिले. ‘डस्ट’ हा अजूनही नावाजलेला नकाशा इंग्लंडमधल्या डेव्ह जॉन्स्टन या शाळकरी वयाच्या मुलाने रचला, आणि त्याच्या भिंतींचे पोत दुसऱ्याच एका माणसाने रंगवले. २००० साली व्हॉल्व्हने ते मॉड आपल्याकडे घेतले आणि त्या दोघांना नोकरीही दिली. नवशिके या कथेतला शेवटचा भाग तेवढा ध्यानात ठेवतात. ले आणि क्लिफ यांनी चाललेल्या गेमवर आपली भर घातली होती, शून्यातून काही उभारले नव्हते, आणि अर्धेकच्चे का असेना, ते वारंवार लोकांपुढे ठेवून सुधारत नेले होते, हा भाग सहसा कोणी सांगत नाही.

त्याहून बोधक, आणि मला स्वतःला अधिक आवडणारा, इतिहास ब्लॅक मेसाचा आहे. व्हॉल्व्हने २००४ साली हाफ-लाइफ आपल्या नव्या इंजिनावर आणला, पण तो जुन्या रूपातच राहिला म्हणून नाराज झालेल्या चाहत्यांचे दोन गट २००५ मध्ये एक झाले, आणि तो सबंध गेम आपण नव्याने बांधावा असे त्यांनी ठरवले. कोणाला मोबदला नव्हता. लोक येत होते, जात होते. २००९ साली गेम बाहेर पडेल असे जाहीर झाले, तो वायदा टळला, आणि सर्वत्र यथेच्छ थट्टा झाली. अखेर सप्टेंबर २०१२ मध्ये तो फुकट प्रसिद्ध झाला, तोही ‘झेन’ या परग्रही प्रदेशातली शेवटची प्रकरणे वगळून. आणि ती प्रकरणे पुरी होऊन गेम संपूर्ण स्वरूपात हाती पडायला मार्च २०२० उजाडला. मूळ गेम पगारी लोकांनी सुमारे दोन वर्षांत केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे बिनपगारी श्रमाची खरी किंमत कळते. तरीही ही मंडळी तरली, त्याचे कारण माझ्या मते असे, की काय बांधायचे याविषयी त्यांच्यात मूलभूत तंटा संभवतच नव्हता. आराखडा म्हणजे मूळ गेमच, आणि तो प्रत्येकाच्या संगणकावर हजर होता. उलट झेनचा प्रदेश, जो त्यांना बराचसा स्वतःच्या कल्पनेने पुन्हा रचावा लागला, तोच सर्वांत लांबला, आणि तो पुरा होईपर्यंत गेम व्हॉल्व्हच्या अनुमतीने २०१५ पासून पैसे घेऊन विकला जाऊ लागला होता.

ज्यांच्याजवळ असा तयार आराखडा नाही, त्यांच्यासाठी अंमलदाराची जागा मुदत घेऊ शकते. गावातल्या हौशी मंडळींचे नाटक गणपतीत उभे राहते, ते तालमी चोख झाल्या म्हणून नव्हे, तर चतुर्थी पुढे ढकलता येत नाही म्हणून. गेम जॅम या प्रथेचे मर्म नेमके हेच आहे. २००२ साली जेफ हाउलँड यांनी सुरू केलेल्या लुडम डेअर या उपक्रमात विषय ऐन वेळी जाहीर होतो, आणि एकट्याने काम करणाऱ्याला ४८ तास, टीमला ७२ तास मिळतात; २००९ मध्ये सुरू झालेला ग्लोबल गेम जॅम पहिल्याच वर्षी २३ देशांतल्या ५३ ठिकाणी भरला होता. इतक्या अवधीत साम्राज्याचा इतिहास लिहिण्याला अवकाशच राहत नाही. उडी मारणारी एक आकृती, तीन खोल्या, एक दार आणि दार उघडल्याचा आवाज, एवढ्यावर समाधान मानावे लागते. आणि काय गाळायचे हे ठरवण्याची ही सक्ती नवशिक्याला इतरत्र कुठेही इतक्या स्वस्तात शिकायला मिळत नाही. २०१८ साली गाजलेला सेलेस्ट हा गेम मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१५ मध्ये चार दिवसांत केलेल्या एका चिमुकल्या गेममधून वाढला. ती दोघे नवशिकी नव्हती, आणि तरीही त्यांनी आरंभ चार दिवसांच्याच कामाने केला, ही गोष्ट नवशिक्यांनी अधिकच मनावर घ्यावी.

या कारखान्यात प्रत्यक्षात बिघडते कसे, ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेले गिट हे साधन बहुतेक टीम वापरतात. प्रत्येकाने केलेला बदल ते ओळीओळीने ताडून पाहते आणि सगळ्यांचे काम एका दप्तरात जमा करते. आता असे समजा, की शनिवारी रात्री एकाने किल्ल्याच्या सीनमधला दरवाजा चार पावले सरकवला, आणि त्याच वेळी दुसऱ्याने दुसऱ्या देशात बसून त्याच सीनमध्ये दोन मशाली लावल्या. वरवर पाहता या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्ही एकाच फाइलीत लगतच्या ओळींवर उतरले, तर बदल एकत्र करताना गिट अडते, फाइलीच्या मध्येच कोनी कंसांची रांग घालून दोन्ही पाठ एकाखाली एक मांडते, आणि ते न समजता कोणी तसेच जतन केले तर रविवारी सकाळी किल्ला उघडतच नाही. चित्र किंवा ध्वनी असेल तर तडजोडीला वावच नसतो. एकाचे ठेवायचे, दुसऱ्याचे टाकायचे. जाणत्या टीमचा रिवाज असा, की सीन उघडण्याआधी ‘किल्ला मी घेतोय’ असे सर्वांना कळवायचे, आणि दरवाजा, मशाल यांसारख्या वस्तू आपापल्या वेगळ्या फाइलीत ठेवायच्या. महाविद्यालयात एकट्याने प्रकल्प केलेल्या मुलाला ही शिस्त ठाऊक नसते, कारण तिची गरज त्याला कधी पडलेलीच नसते. ती अंगी बाणते ती दुसऱ्याचे काम एकदा आपल्या हातून पुसले गेल्यावर.

जाता जाता एक गोष्ट खास मराठी मंडळींसाठी. आपला गेम मराठीत असावा अशी उमेद धरून बसणाऱ्यांच्या वाट्याला बरीच वर्षे असे येत असे, की पडद्यावर जोडाक्षरे फुटायची आणि ‘कि’मधली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसायची, कारण देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरजुळणी कित्येक इंजिनांना येतच नव्हती. गोडोने मार्च २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत ही उणीव भरून काढली आहे. तेव्हा इंजिन ठरवण्यापूर्वीच ‘विद्यार्थ्यांच्या क्रीडा’ असे काही तरी टंकून पाहावे.

राहता राहिला मालकीचा प्रश्न, ज्याची वाच्यता आरंभी करणे लोकांना अप्रशस्त वाटते. ‘गेम विकला गेला तर नफा वाटून घेऊ’ हे तोंडी आश्वासन अशा टीममध्ये सर्रास दिले जाते, आणि नफाच होत नसल्यामुळे ते सहसा मोडले जात नाही. परंतु संगीत करणारा मुलगा अर्ध्यावरून निघून गेला, तर त्याच्या चाली वापरायच्या की नाही हा तंटा नफ्याची वाट पाहत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या माणसाने स्वतः केलेल्या कृतीचा हक्क सामान्यतः त्याचाच असतो. तो दुसऱ्याच्या नावे करून देणे लेखी आणि सहीनिशी असावे लागते, आणि त्या लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची, प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ साली आरंभलेल्या बॅटल फॉर वेस्नॉथ या गेमने हा प्रश्न मुळातच सोडवला: तिथे जो जे देतो ते जीपीएलसारख्या मुक्त परवान्याखालीच देतो, त्यामुळे माणूस गेला तरी त्याचे काम राहते, आणि शेकडो हात बदलूनही तो गेम चालू आहे. ज्यांना इतके औदार्य परवडत नाही त्यांनी पहिल्याच दिवशी एका पानाचा करारनामा करावा. कोणाचे काय, सोडून जाणाऱ्याच्या कामाचे काय, आणि शेवटच्या नामावलीत कोणाचे नाव कोणत्या कामापुढे लागणार, एवढे त्यात असले तरी पुष्कळ झाले. अर्ध्यावर गेलेल्याचेही नाव लागेल असे त्यात आवर्जून लिहावे, कारण अनुभवाखेरीज काहीच मिळणार नसलेल्या माणसाला त्या अनुभवाचा दाखला तेवढाच मिळतो.