सायलेन्सर कोणी बसवावा?

मालमोटारींच्या भारतीय इतिहासात जबलपूरचे स्थान महत्त्वाचे आहे. एम. ए. एन. या जर्मन कंपनीच्या परवान्याने बनणारा ‘शक्तिमान’ हा लष्करी ट्रक १९५९ मध्ये येथील गन कॅरेज फॅक्टरीत प्रथम तयार झाला आणि १९६९ मध्ये वाहनांसाठी स्वतंत्र कारखाना उभा राहिला. त्या काळच्या ट्रकमध्ये धूर बाहेर नेण्याची व्यवस्था अगदी साधी असे. इंजिनाला जोडलेला बिडाचा मॅनिफोल्ड, त्यापुढे नळी, सायलेन्सर आणि शेपटाकडील नळी. ज्याला पाना धरता येई, त्याला ती दुरुस्त करता येई.

जबलपूरहून शिवनीमार्गे नागपूरकडे माल नेणाऱ्या, एकाच ट्रकवर संसार चालविणाऱ्या मालकाचा सायलेन्सर फुटला, तर आजही त्याला हीच जुनी सवय आठवते. बाजारात मूळ कंपनीखेरीज इतरांनी बनविलेला स्वस्त भाग मिळतो. मग मिस्त्रीची मजुरी तरी का द्यावी? काम नळीच्या कोणत्या टोकाशी आहे, यावर या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे.

मागील टोकाचे काम जुन्या ट्रकच्या मालकाने खुशाल स्वतः करावे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, चाकांना अडणी लावावी, गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच तेल सोडावे. नव्या नळीचा व्यास मात्र मुळाइतकाच हवा. नळी अरुंद असल्यास धूर अडतो, इंजिनावर उलटा दाब येतो आणि डिझेलचा खर्च वाढतो. मजुरीत वाचलेले पैसे असे पंपावर जातात.

पुढच्या टोकाची गोष्ट निराळी. भारलेला ट्रक घाट चढत असता मॅनिफोल्डमधील धुराचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते. तेथील बोल्ट मधून बाहेरच्या बाजूस, क्रमाने व ठरावीक जोराने आवळावे लागतात. जुन्या गॅस्केटचा एखादा तुकडा आत राहिला, तर तो टर्बोच्या वेगाने फिरणाऱ्या पात्यांवर आदळतो. तो खर्च मिस्त्रीच्या मजुरीच्या कितीतरी पट असतो. सांधा सैल राहिल्यास धूर केबिनमध्ये शिरू शकतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो हे खरे. परंतु इंजिन चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपणाऱ्या चालकाने त्यावर विसंबू नये.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या ट्रकमध्ये तर ‘सायलेन्सर’ हा शब्दच अपुरा पडतो. त्या पेटीत काजळी अडविणारी गाळणी असते आणि युरियाच्या द्रावणाने नायट्रोजनची ऑक्साइडे निकामी करणारा भाग असतो. त्यांच्यावर संवेदक पहारा करतात. तेथे पोकळ पेटी बसविणे मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाच्या विरुद्ध आहे. अशा ट्रकवर विजेचे वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडवून ठेवावी लागते, नाहीतर इंजिनाचा संगणक जळण्याचा संभव असतो. रस्त्याकडेच्या वेल्डरला हे ठाऊक आहे की नाही, हे काम देण्यापूर्वीच विचारावे.