किल्लीची चाहूल

चांदीचा रुपया चलनात होता त्या काळी जळगावच्या सराफ बाजारात त्याची पारख करायची, तर तो कापावा किंवा वितळवावा लागत नसे. फरशीवर वाजवला की नाणे आपल्या अंतरंगाची साक्ष नादातूनच देई. गेल्या तीस वर्षांतील गूढलेखनशास्त्राकडे मागे वळून पाहताना तीच पारख निराळ्या रूपात भेटते, आणि तिचा संबंध आज खानदेशातल्या स्वस्त धान्य दुकानापर्यंत येऊन पोहोचला आहे.

1998 पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि आता नंदुरबारमध्ये मोडणाऱ्या टेंभली गावी 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातील पहिले आधार क्रमांक वाटले गेले. पुढे धान्य घेताना ओळख पटवण्यासाठी अंगठ्याचा ठसा पाठवला जाताना तो 256 बिटांच्या एईएस संकेताने बंद करावा आणि त्या संकेताची किल्ली 2048 बिटांच्या आरएसए संकेतात ठेवावी, अशी तजवीज झाली. हे कुलूप केवळ गणिताने फोडणे मानवी आवाक्याबाहेरचे आहे, याविषयी तज्ज्ञांत दुमत नव्हते. परंतु गणित अमूर्त असले तरी ते करणारी चिप विजेवर चालते, तिला वेळ लागतो, तिच्यातून विद्युतचुंबकीय लहरी उठतात, आणि या देहधर्मांतून आतले गुपित बाहेर झिरपते.

गूढलेखनतज्ज्ञ पॉल कॉचर यांनी 1996 साली केवळ लागणाऱ्या वेळेवरून किल्ली काढता येते हे दाखवले, आणि 1999 साली सहकारी जॅफे व जुन यांच्यासह विद्युत्प्रवाहाच्या चढउतारांकडे मोर्चा वळवला. त्यांच्या रीतीचे मर्म विलक्षण आहे. एका मोजणीत नुसता गोंगाट असतो. पण हजारो मोजण्या घेऊन किल्लीच्या एकाच बाइटाविषयी 256 अंदाज करावेत आणि प्रत्येक अंदाज मोजण्यांशी ताडून पाहावा, तर खरा तेवढा गोंगाटातून वर येतो. अखंड किल्ली शोधायला विश्वाचे आयुष्य अपुरे पडले असते. बाइटाबाइटाने ती एका दुपारी हाती लागू शकते.

बचावही त्याच मार्गाने घडला. गुपित काहीही असो, यंत्राने तेवढाच वेळ घ्यावा. गुप्त अंक यादृच्छिक अंकात मिसळून त्याचे हिस्से करावेत, म्हणजे कोणत्याही एका हिश्श्याच्या मोजणीतून काही कळू नये. मुंबईच्या आयआयटीत बर्नार्ड मेनेझिस व सहकाऱ्यांनी 2016 साली प्रोसेसरच्या कॅश स्मृतीतील हालचालींवरून एईएसची किल्ली मिळवण्याच्या अधिक कार्यक्षम पद्धती मांडल्या, त्यामुळे हा विषय आपल्या दाराशी आला, असे मला वाटते.

2024 सालचा प्रसंग मात्र मला सर्वांत अस्वस्थ करतो. जगभर विश्वासाने वापरल्या जाणाऱ्या इन्फिनिऑन कंपनीच्या सुरक्षा-चिपांतील डिजिटल सहीच्या गणितात वेळेचा एक दोष फ्रान्समधील संशोधक टोमा रोश यांनी उघड केला. तो चौदा वर्षे तसाच राहिला होता, आणि सुमारे ऐंशी अधिकृत तपासण्यांतून निसटला होता. तो वापरायचा तर उपकरण उघडून त्याच्या निकट संवेदक धरावा लागतो, हे खरे.

पण आधारच्या नव्या प्रतीच्या ठसायंत्रांत ठशावर अशीच डिजिटल सही करणारी किल्ली जोडलेल्या संगणकात न राहता यंत्राच्याच पोटात ठेवली जाते. मला ही सुधारणा मनापासून मान्य आहे. मात्र ज्या यंत्रात आता ती किल्ली आहे, ते दुकानाच्या फळीवर रात्रंदिवस पडलेले असते.