वासोटा : पाणी ओलांडून गाठायचा गड

सातारा जिल्ह्यातील वासोटा किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत गाडीरस्ता जात नाही. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय बोटीने ओलांडायचा, पलीकडच्या काठावर वन विभागाच्या चौकीत नोंद करायची आणि मग घनदाट अरण्यातून गड चढायचा, असा तेथील क्रम आहे. संध्याकाळ होण्यापूर्वी त्याच मार्गाने परतावे लागते. महाराष्ट्रातील बहुसंख्य किल्ल्यांवर मनास येईल तेव्हा जाता येते; वासोट्याला मात्र परवानगी, बोट आणि वाटाड्या या तिन्हींची सांगड घालावी लागते. असे का, हे समजून घेण्यासाठी या खोऱ्याचा गेल्या काही दशकांचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

बुडालेले खोरे

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी कोयना नदी सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर दक्षिणेकडे वाहते. पूर्वी तिच्या दोन्ही काठांवर गावे आणि भातखाचरे होती. वासोट्याच्या परिसरातून देश आणि कोकण यांना जोडणाऱ्या पायवाटा जात असत. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात धरणात पाणी अडवले जाऊ लागले आणि खोऱ्याचा तळ जलमय झाला. सुमारे १०५ अब्ज घनफूट क्षमतेच्या या जलाशयावर उभ्या राहिलेल्या जलविद्युत प्रकल्पाची क्षमता आज १,९६० मेगावॉट आहे. राज्याला वीज मिळाली. परंतु हजारो कुटुंबांना जमीन आणि घर सोडून अन्य जिल्ह्यांत जावे लागले. त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढे अनेक दशके रेंगाळले.

जे लोक वरच्या उतारांवर राहिले, त्यांच्यासाठी बाजार, शाळा आणि दवाखाना पाण्यापलीकडे गेला. लाँच आणि तराफा हीच त्यांची दळणवळणाची साधने बनली. बामणोली, शेंबडी, मुनावळे या गावांतून आज पर्यटकांना नेणाऱ्या बोटींमागे हीच पार्श्वभूमी आहे. ज्या पाण्याने शेती नेली, त्याच पाण्यावर काही कुटुंबांचा चरितार्थ चालतो.

अरण्याचे नियम

१९८५मध्ये या परिसरास कोयना अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. २०१०मध्ये हे अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प निर्माण झाला. २०१२मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील निवडक स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत कोयनाही आहे. गवा, अस्वल, बिबट्या, सांबर आणि शेकरू यांचा येथे वावर आहे. त्यामुळे गडावर मुक्काम करण्यास मनाई असून पावसाळ्यात प्रवेश बंद ठेवला जातो. सोबत नेलेल्या प्लास्टिकच्या वस्तूंची चौकीत नोंद होते व परतताना त्या दाखवाव्या लागतात.

असा प्रकार केवळ महाराष्ट्रातच आहे असे नाही. ब्राझीलमधील सर्वोच्च शिखर पिको दा नेब्लिना (२,९९५ मीटर) गाठण्यासाठीही होडीतून नदीचा लांबचा प्रवास करून मग जंगल तुडवावे लागते. हा प्रदेश यानोमामी आदिवासींचा आहे. २००३मध्ये तेथील पर्यटन थांबविण्यात आले होते. २०२२मध्ये ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा मार्गदर्शनाचे काम स्वतः यानोमामींनी हाती घेतले. दुर्गम स्थळाचे रक्षण आणि स्थानिकांची उपजीविका यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

चढाईचे वेळापत्रक

बामणोलीहून पायथ्यापर्यंतच्या जलप्रवासास साधारण एक ते दीड तास लागतो. मेट इंदवली या जुन्या गावाच्या परिसरात उतरल्यावर ओढा ओलांडून वाट रानात शिरते. चढ सलग असून त्यास दोन ते तीन तास पुरतात. पुढे एक वाट नागेश्वराच्या गुहेकडे, तर दुसरी वासोट्याकडे जाते. दाट झाडीत दिशा चटकन कळत नाही. अशा ठिकाणी माहितगार वाटाड्याचे मोल कळते. घड्याळावर लक्ष ठेवून गटाला वेळेत खाली आणणे, हेही त्याचेच काम. उन्हाळ्यात जलाशयाची पातळी उतरली, की बोट दूरवर थांबते आणि उघड्या पडलेल्या काठावरून अधिक चालावे लागते, हेही ध्यानात घ्यावे.

माथ्यावर छप्पर नसलेले मारुतीचे देऊळ, महादेवाचे मंदिर, पाण्याचे टाके आणि चुन्याच्या घाणीचे अवशेष आहेत. बाबुकड्यावरून समोर जुना वासोटा दिसतो. इतिहासात त्या डोंगराला विशेष महत्त्व आहे. १६६०मध्ये हा गड शिवछत्रपतींच्या ताब्यात आला आणि व्याघ्रगड म्हणून ओळखला जाऊ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ताई तेलिणीने येथूनच पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याशी अनेक महिने झुंज दिली. दुर्गमतेमुळे या गडाचा उपयोग कैदखाना म्हणूनही होत असे. १८१८मध्ये इंग्रजांनी जुन्या वासोट्यावर तोफा चढवून मारा केला, तेव्हा मात्र गड फार काळ टिकला नाही. त्या वेळी सातारकर छत्रपतींच्या कुटुंबीयांना आणि दोन इंग्रज अधिकाऱ्यांना येथेच ठेवण्यात आले होते.

जाणाऱ्यांसाठी

पुणे-बंगळूर महामार्गावरील सातारा शहर हे वासोट्याचे प्रवेशद्वार होय. तेथून कासमार्गे बामणोलीला जाता येते. पुण्याच्या पर्यटकाला पहाटे निघून हा प्रवास साधता येईल. परंतु बंगळूरच्या जे. पी. नगरमधून सातशेहून अधिक किलोमीटर अंतर कापून येणाऱ्या मराठी कुटुंबाने आदल्या दिवशीच बामणोली परिसरात मुक्कामास पोहोचणे श्रेयस्कर. जाणे-येणे, चढ-उतार आणि विश्रांती धरून पूर्ण दिवस लागतो. सकाळी उशीर झाल्यास गड अर्धवट सोडून परतावे लागते.

बोटीत जीवरक्षक जाकीट घालावे आणि ठरावीक संख्येपेक्षा अधिक प्रवासी असल्यास त्या बोटीत बसू नये. प्रवेशाचा काळ आणि शुल्क यांत बदल होत असतात. म्हणून निघण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी. परतीच्या वेळेचे बंधन अनेकांना जाचक वाटते. तथापि अंधार पडल्यावर या रानातून उतरणे आणि काळोखात जलाशय ओलांडणे या दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात. अरण्यालाही रात्री माणसांविना राहू देणे, हाच या नियमाचा दुसरा हेतू आहे.