विद्यार्थ्याचें जीवशास्त्र आणि इंटरनेट

जीवशास्त्र हें आधीं डोळ्यांनीं आणि मग पुस्तकानें शिकावयाचें शास्त्र आहे. एके काळीं या दोहोंपैकीं पुस्तकाचीच उणीव अधिक भासे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध झाला. तो चाळावयाचा तर मोठें ग्रंथालय गांठावें लागे. आज ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ या संकेतस्थळावर तोच ग्रंथ घरबसल्या व विनामूल्य वाचतां येतो. ग्रंथांची वाण अशी सरली; उणीव आतां डोळ्यांच्या उपयोगाची आहे.

पर्यावरण हा विषय सक्तीनें शिकविला जावा, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं मान्य केलें. पुढें या विषयाबरोबर घरोघर प्रकल्पाची वही आली. परंतु ती पुष्कळदां आदल्या रात्रीं भरली जाते. चित्रें इंटरनेटवरून छापून घ्यावीं, मजकूर उतरून काढावा, वर सुबक वेष्टन घालावें, कीं काम संपलें! गुण पदरांत पडतात. पण ज्या झाडाविषयीं चार पानें लिहिलीं, तें दारांत असूनहि ओळखतां येत नाहीं.

इंटरनेटवरील कांहीं साधनें मात्र विद्यार्थ्याला कांहीं देण्याआधीं त्याच्याकडून कांहीं मागतात, आणि तींच अधिक मोलाचीं होत. ‘सीझनवॉच’ हा भारतीय उपक्रम पाहावा. त्यांत विद्यार्थ्यानें आंबा, चिंच, बहावा असें एखादें झाड निवडावयाचें आणि दर आठवड्यास त्याच झाडाकडे जाऊन पालवी, फुलें व फळें मुळींच नाहींत, थोडीं आहेत कीं पुष्कळ आहेत, एवढेंच नोंदवावयाचें. काम क्षुल्लक दिसतें; पण अशा नोंदी वर्षानुवर्षें सांठल्यावांचून ऋतुमान पालटल्यामुळें बहर मागेंपुढें होतो कीं काय, हें सांगणार कोण?

दुसरें साधन ‘आयनॅचरलिस्ट’. तें स्वतःच विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून जन्मलें, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत, २००८ सालीं. येथें वन्य प्राणी वा वनस्पति यांचें छायाचित्र तारीख व स्थळ यांसह पाठवावयाचें. यंत्र नांव सुचवितें, परंतु तेवढ्यानें नोंद पक्की होत नाहीं. इतर निरीक्षक ती तपासतात. मत देणाऱ्यांपैकीं दोनतृतीयांशांहून अधिकांचें जातीविषयीं एकमत झालें, म्हणजे ती संशोधनास योग्य ठरते. नांव चुकलें तर कोणी अपरिचित जाणकार तें दुरुस्त करतो, आणि कित्येकदां पानावरील शिरा किंवा पंखांवरील ठिपके दाखवून कारणहि सांगतो. उत्तराहूनहि हें कारण विद्यार्थ्यानें वहींत टिपून घ्यावें.

अशा किरकोळ नोंदींतून काय उभें राहतें? २०२३ सालीं ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. सुमारें ३०,००० पक्षीनिरीक्षकांनीं ‘ईबर्ड’वर केलेल्या नोंदींच्या आधारें त्यांत ९४२ जातींचा विचार झाला, आणि १७८ जातींच्या संरक्षणास अग्रक्रम द्यावा असें ठरलें. हे निरीक्षक बहुतेक हौशी लोक होते. म्हणूनच नोंदींत सचोटी हवी. न पाहिलेला पक्षी लिहिणें, किंवा दुसऱ्याचें छायाचित्र आपलें म्हणून पाठविणें, ही केवळ गुणांपुरती लबाडी राहत नाहीं. तिनें सर्वांचाच हिशेब बिघडतो.

पालकांनीं यांत करावयाचें थोडेंच आहे. मुलाची वही स्वतः भरूं नये. आठवड्यांतून दहा मिनिटें त्याच्याबरोबर झाडाखालीं उभें राहावें. नोंद पाठवितांना मोठ्यांनीं शेजारीं असावें आणि घराचें नेमकें ठिकाण उघड होऊं देऊं नये. आयनॅचरलिस्टवर स्थळ अंधुक ठेवण्याची सोय आहे. आधीं पाहावें, मग नोंदवावें आणि त्यानंतर वाचावें. हा क्रम पाळला, तर इंटरनेटसारखा शिक्षक नाहीं. उलटा केला, तर ती केवळ उतरून काढण्याची सोय होय.